भाचीला नर्सिंगला जायचंय, अकरावीला विषय कोणते घ्यावेत? (पीसीबी म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री बायो / पीसीएमबी म्हणजे त्यात मॅथ्सपण / आर्ट्स)

कराडचा_मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा दहावी झाली, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, ७८ टक्के. सायन्सला चांगले आहेत, गणितात जेमतेम साठच्या घरात. तिचं एकच म्हणणं आहे की मला नर्सिंग करायचंय, डॉक्टर इंजिनियर काही नको. घरात सध्या तीन पार्ट्या आहेत. भाऊजी म्हणतात सायन्स घेतेसच तर चारही विषय घे, मॅथ्स पण असू दे, उद्या मन बदललं तर दारं उघडी. बहीण म्हणते आर्ट्स घे, नर्सिंगला आर्ट्सवरूनपण जाता येतं, शेजारची पोरगी गेली की, उगीच फिजिक्समध्ये डोकं कशाला फोडायचं. आणि एका क्लासवाल्याने सांगितलं की नर्सिंगसाठीपण मेडिकलची नीट लागते म्हणून दोन वर्षांचं इंटिग्रेटेड पॅकेज (कॉलेज आणि क्लास एकत्र) घ्या, फी ऐकून मी पाणी प्यायलो. अकरावीचा ऑनलाईन फॉर्म भरायचाय, पसंतीक्रम टाकायचेत. या क्षेत्रातलं कोणी असेल तर नीट सांगा. म्हणजे व्यवस्थित सांगा, नीट परीक्षेबद्दल नव्हे 😀

नाईट_ड्युटी
मामा, पहिल्यांदा हे ठरवा की नर्सिंग म्हणजे तिला नक्की कुठलं करायचंय, कारण लोक तीन वेगळ्या कोर्सना एकच नाव देतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

एएनएम दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी, त्यातून उपकेंद्रावरची आरोग्यसेविका वगैरे. जीएनएम तीन वर्षांचं, मुलं मुली दोघांना. हे दोन्ही डिप्लोमा प्रकारातले, बारावी कुठल्याही शाखेची चालते पण इंग्रजी पास पाहिजे, जीएनएमला एकूण ४० टक्के लागतात आणि सायन्सवाल्यांना प्राधान्य असतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची डिग्री, आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, आणि तिथे बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्रजी हे पाहिजेच पाहिजे. तिथे आर्ट्स चालत नाही, कॉमर्स चालत नाही, पीसीएम पण चालत नाही.

म्हणजे तुमच्या बहिणीचं खोटं नाही आणि अर्धंच खरं आहे. शेजारची मुलगी जीएनएम किंवा एएनएमला गेली असणार.

कराडचा_मामा
धन्यवाद. शेजारची जीएनएमच करतेय, आत्ताच विचारलं. मग बीएस्सी धरून चालतो. आणि नीट?

नाईट_ड्युटी
राज्यातल्या बीएस्सी नर्सिंगला आता नीट लागत नाही. मध्यंतरी नीटवर प्रवेश होत होते म्हणून क्लासवाल्यांच्या डोक्यात (किंवा सोयीने तोंडात) तेच राहिलंय. २०२३ पासून राज्याचा सीईटी सेल (प्रवेश परीक्षा घेणारा विभाग) वेगळी बीएस्सी नर्सिंग सीईटी घेतो. १०० प्रश्न १०० मार्क, दीड तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स २०, केमिस्ट्री २०, बायो २०, इंग्रजी २० आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड २०. हे परत वाचा मामा, इंग्रजीला फिजिक्सइतकेच मार्क आहेत. लाखभर रुपयाचं नीटचं पॅकेज घेऊन त्यात इंग्रजी कोण शिकवतं?

नीट कुठे लागते तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला. आर्मीच्या कॉलेजमधून बीएस्सी, पुण्याला एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) पण आहे, फक्त अविवाहित मुलींसाठी, शिक्षण झालं की थेट ऑफिसर. त्याला नीटचे मार्क बघतात. आणि एम्सची बीएस्सी ऑनर्सची स्वतःची वेगळी परीक्षा असते. भाचीला युनिफॉर्मचं वेड असेल तर नीटचा फॉर्म भरून ठेवा, पण ते नंतरचं.

खडू_डस्टर
मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो (सांगली जिल्हा, कॉलेजचं नाव सांगत नाही). फॉर्म भरण्याआधी विषयांची रचना समजून घ्या कारण दरवर्षी माझ्याकडे दोन चार पालक रडत येतात.

बारावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं. मग एक दुसरी भाषा, मराठी हिंदी संस्कृत वगैरे, किंवा तिच्या जागी आयटी. आणि चार ऐच्छिक. त्यातले फिजिक्स केमिस्ट्री तर सगळेच घेतात, तिसरा बायो, चौथा मॅथ्स किंवा भूगोल किंवा सायकॉलॉजी, कॉलेजमध्ये जे असेल ते. पर्यावरण आणि पीटी सगळ्यांना आहेच.

आता गंमत कुठे होते तर बायफोकलला. हा २०० मार्कांचा व्होकेशनल विषय, तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय जातो. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल घेतलं की बहुतेक ठिकाणी जातो तो बायोलॉजी! पालकांना वाटतं कॉम्प्युटर म्हणजे चांगलंच की. दोन वर्षांनी नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस काहीच भरता येत नाही तेव्हा कळतं. क्रॉप सायन्स बायफोकल घेणारे बरेच जण मॅथ्स सोडून बायो ठेवतात, ते चालतं, पण उलटं करणारेपण आहेत. तेव्हा नाव काहीही असो, प्रवेश झाल्यावर कॉलेजात जो विषय निवडीचा फॉर्म भरतात त्यावर बायोलॉजी लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, क्लार्कच्या तोंडावर सोडू नका.

आता प्रवेशाचं. २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाईनच झालंय त्यामुळे गावातलं कॉलेज ओळखीने मिळेल या भरवशावर राहू नका. पसंतीक्रमात वरच्या नंबरला असं कॉलेज टाका जिथे बायोची लॅब खरोखर उघडते.

भाऊजी_पक्ष
मी मामांचा भाऊजी नाही पण भाऊजींच्या बाजूने बोलतो 😄 मॅथ्स ठेवायला काय हरकत आहे? पोरगी पंधरा सोळा वर्षांची, या वयात आज नर्स उद्या पायलट. पीसीएमबी घेतलं तर सगळं खुलं राहतं. आणि नर्सिंगला गणित लागत नाही असं कोण म्हणतं? आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल बाई स्वतः आकडेवारीच्या तज्ज्ञ होत्या, क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारला दाखवलं.

नाईट_ड्युटी
नाइटिंगेल बाईंबद्दल आदर आहे पण त्यांना गणितात साठ नव्हते पडले दहावीला.

गंमत सोडा. नर्सला गणित रोज लागतं, पण ते बारावीचं इंटिग्रेशन नव्हे. सांगते. डॉक्टरांनी लिहिलं ५०० मिली सलाईन चार तासात संपवा. सेट २० थेंबाला एक मिलीवाला आहे. मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे दहा हजार थेंब, भागिले २४० मिनिटं, साधारण ४२. हे वॉर्डात उभ्या उभ्या जमलं पाहिजे, पेशंटचा नातेवाईक कानाशी बोलत असताना. किंवा व्हायलमध्ये १० मिलीत १ ग्रॅम औषध आहे आणि द्यायचंय २५० मिलीग्रॅम, तर काढायचं अडीच मिली. एक शून्य इकडचा तिकडे झाला तर काय होतं ते लिहित नाही.

आता हे सगळं कितवीचं गणित आहे? सातवी आठवीचं. त्रैराशिक, टक्केवारी, दशांश, एकक बदलणे. भाचीचं हे पक्कं करून घ्या सुट्टीत, कॅल्क्युलेटर न देता. बारावीच्या मॅथ्सला रोजचे दोन तास देण्यापेक्षा ते बायो आणि इंग्रजीला द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला गणित आवडतं त्याने जरूर ठेवावं, पण दारं उघडी राहावीत म्हणून न आवडणारा विषय ठेवला की बाकीच्या तीन विषयांचे मार्क खाली येतात, आणि जे दार खरंच पाहिजे होतं तेच बंद व्हायची वेळ येते.

खडू_डस्टर
अगदी. आणि मार्कांचा हिशोब सांगतो, तो फार कमी जणांना माहीत असतो. बीएस्सी नर्सिंगच्या पात्रतेला फिजिक्स केमिस्ट्री बायो तिन्ही मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. म्हणजे ३०० पैकी १३५, किंवा १२०. आता तिन्ही विषयात काठावर ३५ मिळवून पोरगं पास झालं, पेढे वाटले, तर बेरीज होते १०५. बारावी पास पण नर्सिंगला अपात्र. मॅथ्सला ८० पडले तरी त्या बेरजेत ते धरत नाहीत. प्रत्येक विषय ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल असा आहे, त्यामुळे जर्नल पूर्ण ठेवणं, प्रॅक्टिकलला हजर राहणं हे फुकटचे मार्क आहेत, ते सोडणाऱ्या मुलांची मला कीव येते.

आर्ट्सवाली
इथे सगळे सायन्स सायन्स करतायत म्हणून लिहिते. मी आर्ट्समधून बारावी केली आणि जीएनएम करून आज आयसीयूत काम करते, वाईट काही झालं नाही माझं. बारावीला सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजी होतं त्याचा जीएनएमच्या पहिल्या वर्षी चांगला उपयोग झाला कारण तिथे बिहेवियरल सायन्स म्हणून हेच दोन विषय असतात. नर्सिंग फाउंडेशन आणि कम्युनिटी हेल्थ तर सगळ्यांनाच नवीन, तिथे सायन्सवाली पण शून्यापासूनच सुरू करते.

पण खरं तेपण सांगते, बायोसायन्सने पहिल्या वर्षी घाम काढला. अॅनाटॉमी फिजिओलॉजी मायक्रोबायोलॉजी एकदम, आणि पुस्तक इंग्रजीत. वर्गातल्या सायन्सच्या मुली नेफ्रॉन म्हटलं की लगेच आकृती काढायच्या आणि मी तो शब्द उच्चारायला शिकत होते. रात्री जागून केलं.

मुद्दा हा की ज्यांच्या घरची परिस्थिती अशी आहे की गावात सायन्सचं कॉलेज नाही, क्लास परवडत नाही, त्यांनी आर्ट्स घेतलं म्हणून स्वप्न संपलं असं समजू नये. जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, त्यापुढे एमएस्सी. रस्ता लांब आहे पण आहे.

कराडचा_मामा
ताई तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला, ती खूश झाली, मग शेवटचा भाग वाचला तेव्हा गप्प झाली 😀 आमच्या गावापासून सायन्सचं कॉलेज एसटीने पाऊण तास आहे, पास निघतो. म्हणजे आमची परिस्थिती तशी अडचणीची नाही.

आर्ट्सवाली
मग मामा सायन्सच घ्या. मी माझ्या बहिणीच्या मुलीला पण तेच सांगितलं. दोन वर्ष जास्तीची मेहनत नंतर करण्यापेक्षा आत्ता केलेली बरी, आणि एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बीएस्सीवाली लगेच बसते, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव आधी दाखवावा लागतो.

हर्षूची_आई
मध्येच विचारते. जीएनएम बंद होणार म्हणे? आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरतंय.

नाईट_ड्युटी
ती चर्चा बरीच वर्षं चालू आहे, प्रवेश पण चालू आहेत. त्यावरून अकरावीचा निर्णय घेऊ नका.

कॉमर्सचा_बळी
माझी केस उलटी आहे. मी पीसीएम केलं, इंजिनियरिंगचं एक वर्ष केलं, सोडलं, आता नर्सिंगकडे वळायचंय. मुलगा आहे. (आयडी जुना आहे, कॉमर्सला कधी गेलोच नाही.) मला बीएस्सीचा काही मार्ग आहे का की जीएनएमच?

खडू_डस्टर
आहे. बोर्डाकडे तुरळक विषय म्हणून फक्त बायोलॉजी देता येतो का ते तुझ्या जुन्या ज्युनियर कॉलेजात जाऊन विचार, फॉर्म कॉलेजमार्फतच भरतात. दुसरा मार्ग एनआयओएस, ओपन स्कूलिंगची पीसीबी बारावी नर्सिंग कौन्सिलच्या नियमात धरलेली आहे. मात्र प्रॅक्टिकलसह कर, आणि सीईटीच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत सुट्या बायोच्या मार्कशीटबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच. मुलगा असल्याची अडचण बीएस्सी किंवा जीएनएमला नाही, एएनएम आणि मिलिटरी नर्सिंग तेवढं मुलींचं.

नाईट_ड्युटी
आणि लाजू नकोस. आमच्याकडे ऑर्थो (हाडांच्या) वॉर्डात ब्रदर म्हणजे पुरुष नर्स असला की सगळ्या सिस्टर सुटकेचा श्वास टाकतात. (तो बिचारा सगळी उचलाउचल करून थकतो ही वेगळी गोष्ट.)

ट्यूटर_मॅडम
नर्सिंग कॉलेजला शिकवते, उशिरा आले या धाग्यावर. विषय निवडीबद्दल वर बरोबरच सांगितलंय, मी फक्त अकरावी बारावीत काय शिकलेलं पुढे कामाला येतं ते सांगते म्हणजे मुलीला अभ्यास करताना कंटाळा येणार नाही.

अकरावीचं बायो मुलं टाकून देतात, बोर्ड बारावीलाच आहे म्हणून. मोठा तोटा. मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल हे धडे अकरावीत आहेत. बारावीत श्वसन आणि रक्ताभिसरण, मज्जासंस्था आणि हार्मोन्स, मानवी आरोग्य आणि रोग. हे सगळं जोडलं की आमच्या पहिल्या सेमिस्टरच्या अप्लाइड अॅनाटॉमी आणि फिजिओलॉजीचा पाया तयार. वनस्पतींचे धडे नर्सिंगला लागत नाहीत पण परीक्षेला लागतात, ते मुकाट्याने करायचे.

केमिस्ट्री लोक विचारतात कशाला. नॉर्मल सलाईन ०.९ टक्के म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, ५०० च्या बाटलीत साडेचार ग्रॅम. ज्याला कॉन्सन्ट्रेशन कळलं नाही त्याला हे पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेलं विसरतं. पीएच, बफर, ऑस्मॉसिस ज्याला समजलं त्याला दुसऱ्या सेमिस्टरचं बायोकेमिस्ट्री आणि नंतर पेशंटचे एबीजी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) रिपोर्ट सोपे जातात. ऑस्मॉसिस कळलेली मुलगी नसेतून नुसतं डिस्टिल्ड वॉटर का देत नाहीत हे स्वतः सांगू शकते, तांबड्या पेशी पाणी ओढून फुटतील म्हणून.

फिजिक्स सगळ्यात नावडतं. पण सलाईनची बाटली वर टांगायची का, सक्शन मशीन कसं ओढतं, ट्रॅक्शनचं वजन कुठल्या दिशेने लोंबलं पाहिजे, ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबाला पाणी १२१ डिग्रीपर्यंत कसं जातं, सगळं फिजिक्सच. मी वर्गात ऑटोक्लेव्ह शिकवताना विचारते की पाणी तर १०० ला उकळतं ना, तेव्हा अर्धा वर्ग माझ्याकडे बघत राहतो.

आणि आता माझं दुखणं. इंग्रजी. ग्रामीण भागातून येणाऱ्या हुशार मुली, हाताला कौशल्य आहे, पेशंटशी बोलणं इतकं गोड, आणि पहिल्या सेमिस्टरला गळतात ते इंग्रजीमुळे. सगळी पुस्तकं इंग्रजी, उत्तरपत्रिका इंग्रजी, नर्सेस नोट्स इंग्रजी, हँडओव्हर अर्धा इंग्रजी. बारावीचं इंग्रजी गाईडवरून पास होता येतं, आणि तेच घात करतं. तिला म्हणावं रोज एक पान मोठ्याने वाच, आणि बायोचं एक उत्तर स्वतःच्या वाक्यात लिही, चुकीचं का असेना. दोन वर्षांत फार फरक पडतो. सेमीची आहे म्हणजे सायन्सचे शब्द तरी ओळखीचे असतील, पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलींना अकरावीत पहिले तीन चार महिने फार जड जातात, त्यांना तेव्हा कोणी धीर दिला पाहिजे.

भाऊजी_पक्ष
मॅडम चांगलं लिहिलंत. मी मॅथ्सचा हट्ट मागे घेतो असं नाही, पण साठ मार्कवाल्या पोरीसाठी घेतो. माझी स्वतःची मुलगी पीसीएमबीच करणार, तिला आवडतं.

जर्सीची_वहिनी
इथे न्यू जर्सीत माझी मुलगी हायस्कूलला आहे आणि तिलापण नर्सिंगला जायचंय म्हणून वाचत होते. इथलं गणित वेगळं आहे, पीसीबी असा गट नसतो, चार वर्षांत विषय सुटे सुटे निवडायचे. काउन्सेलरने बायोलॉजी, केमिस्ट्री, मग शेवटच्या दोन वर्षांत अॅनाटॉमी अँड फिजिओलॉजी असं सांगितलं, आणि मॅथ्समध्ये कॅल्क्युलसच्या मागे न लागता स्टॅटिस्टिक्स घेतलं तरी चालेल म्हणाली, एपी सायकॉलॉजी पण सुचवलं. वर नाइटिंगेलवरून चर्चा वाचली तेव्हा हसू आलं, इथे स्टॅटिस्टिक्स खरंच मागतात. काही नर्सिंग कॉलेजं टीस नावाची प्रवेश परीक्षा घेतात, त्यात वाचन, गणित, सायन्स आणि इंग्रजी. म्हणजे फिरून इंग्रजी आलंच.

दुसरं एक. भारतातून बीएस्सी किंवा जीएनएम करून इकडे यायचं असेल तर एनक्लेक्स ही इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, तेव्हा भाचीच्या ट्रान्सक्रिप्ट, प्रॅक्टिकलचे तास यांचे कागद पहिल्या वर्षापासून जपून ठेवायला सांगा. माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरला जुन्या कॉलेजकडून तासांचा दाखला मिळवायला केवढा त्रास झाला.

आर्ट्सवाली
आमच्याकडे सध्या सगळ्या जर्मनीच्या मागे. २०२४ मध्ये आपल्या सरकारने बाडेन वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला तेव्हापासून जर्मन क्लासचे बोर्ड तालुक्याला पण लागलेत. नर्स म्हणून तिथे मान्यता मिळायला बहुतेक जर्मन भाषेची बी२ लेव्हल लागते, ते काही तीन महिन्यात होत नाही. ज्युनियर कॉलेजला दुसरी भाषा म्हणून जर्मन असेल तर विचार करायला हरकत नाही, पण त्यासाठी लांबचं कॉलेज धरू नका.

खडू_डस्टर
दुसऱ्या भाषेवरून आठवलं. मार्कांसाठी मराठी सोडून आयटी घ्यायची टूम आहे. ज्याचं त्याने ठरवावं. नर्सिंगला पहिल्या वर्षातच इन्फॉर्मेटिक्स आहे त्यामुळे आयटी वाया जातं असं नाही.

हर्षूची_आई
फीबद्दल कोणीच बोललं नाही. सायन्स, मग बीएस्सी, चार वर्ष. खासगीत केवढी पडते!

ट्यूटर_मॅडम
कॉलेजागणिक फरक आहे, आकडा सांगत नाही. सरकारी जागा कमी आहेत पण फी अगदी थोडी, मुंबईला जेजेच्या आवारात, नागपूरला मेडिकलमध्ये अशी जुनी कॉलेजं आहेत, सीईटीचे मार्क चांगले तर तिथे. खासगीत गेलात तरी कॅप राउंडमधूनच (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) जा. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, महाडीबीटीवर अर्ज करायचा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की यातलं काही मिळत नाही. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, क्लिनिकल पोस्टिंगला जायचा बसखर्च हे धरा मात्र.

आणि कृपा करून एक वर्षाच्या "नर्सिंग डिप्लोमा"ला पैसे घालू नका. तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर पाट्या असतात, दहावी नापास चालेल, शंभर टक्के नोकरी. त्यातून पेशंट केअरचं काम शिकता येतं, त्या कामालाही मान आहे, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन होत नाही आणि त्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कुठलंही कॉलेज घ्यायच्या आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलची यादी, राज्य कौन्सिल, आणि डिग्री असेल तर आरोग्य विद्यापीठाची संलग्नता, तिन्ही तपासा.

कराडचा_मामा
मंडळी फार मदत झाली. काल घरात बैठक झाली, चहाचे तीन राउंड. ठरलं असं: पीसीबी, चौथा विषय मॅथ्स नाही. कॉलेजात फोन केला तर क्लार्क म्हणाला भूगोल आहे, सायकॉलॉजीला शिक्षक नाहीत पण "फॉर्मवर लिहा, बघू". तर भूगोल. भाषा मराठी. भाऊजींनी थोडं तोंड वाकडं केलं, मग थेंबाचं गणित तिला घातलं, तिने कागदावर ४२ काढून दाखवलं, मग त्यांनी स्वतः करून बघितलं आणि त्यांचं ३८ आलं. त्यावर अजून वाद चालू आहे.

इंटिग्रेटेड क्लास रद्द. इंग्रजीसाठी गावातल्या निवृत्त बाई आहेत त्यांच्याकडे जाणार.

आता एकच राहिलं, कागदपत्रं कुठली आत्तापासून करून ठेवू? बारावीनंतर धावपळ नको.

खडू_डस्टर
डोमिसाईल काढा. आरक्षण असेल तर जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी, पडताळणीला वेळ लागतो म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत प्रस्ताव टाका. नॉन क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला मुदतीचे असतात, ते बारावीच्या वर्षात. आधारवर आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव सारखं आहे ना ते आजच बघा. आणि वय, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे, जन्मतारीख काय तिची?

कराडचा_मामा
जन्म फेब्रुवारीतला, वयाचं जमतंय. आधारवर मात्र वडिलांच्या नावात एक वेलांटी कमी आहे.

नाईट_ड्युटी
उद्याच आधार केंद्रावर जा. सकाळी लवकर, दहानंतर रांग असते.